‘नाव सापडलं, आता फक्त वाचून द्या’ म्हणणाऱ्यांसाठी

आम्ही मोडी लिपीतले जुने कागद वाचून देवनागरीत उतरवून देतो. वंशावळीचं काम घेऊन येणारे बहुतेक जण हेच म्हणतात. नाव सापडलेलं असतं, हे खरं. ते तुमच्याच पणजोबांचं आहे का, यात मात्र आमचा निम्मा वेळ जातो.

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. बाळूचा धर्मा, धर्माचा बाळू, त्या बाळूचा पुन्हा धर्मा. म्हणजे ‘धर्मा बाळू’ एक पिढी सोडून परत हजर! आडनावाचा आधार घ्यावा, तर जुन्या नोंदीत ‘धर्मा बिन बाळू’, म्हणजे बाळूचा मुलगा धर्मा, एवढंच. आणि आडनाव असलं तरी नवी मुंबईतल्या घणसोलीत नुसत्या ‘पाटील’वरून कुणाचं घर सापडणार? शिवाय सून सासऱ्याचं नाव घ्यायची नाही, म्हणून पोराला घरात हाक वेगळीच. तुम्हाला ठाऊक असतात ते ‘अप्पा’ कागदावर बहुधा नसतातच.

महागात पडते ती चूक अशी: आधी वंशावळीचं शपथपत्र करायचं आणि मग तिला जुळणारे कागद शोधायचे. ओबीसींना जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा असतो. त्या घाईत पहिला दिसलेला धर्मा बाळू पणजोबांच्या जागी बसतो. समजा, १९२८च्या वारस फेरफारात, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं चढवल्याच्या नोंदीत, धर्मा बाळू मयत आहेत. मग १९५१च्या पीकपाहणीतले धर्मा बाळू ते नव्हेत. त्यांचे नातू असतील किंवा भावकीतले कुणी. दोघांना एक केलं की दोन पिढ्या गळतात, आणि जात पडताळणी समितीपुढे सही तुमची असते. म्हणून शपथपत्राचा मसुदा आधी दाखवा, सही नंतर करा.

आम्ही नावापेक्षा जमिनीचा माग काढतो. सर्व्हे नंबर, हिस्सा, मग एकेक फेरफार मागे. जमीन दुसऱ्याच्या नावावर का गेली, खरेदीने, वाटपाने की वारसाने, ते तिथे लिहिलेलं असतं. वारस नोंदीत मुलांची नावं एकत्र मिळतात. बायकांची नावं तर सोडूच नका: धर्मा दोन निघतील, पण ‘सगुणा कोम धर्मा’, म्हणजे धर्माची बायको सगुणा, दोन्ही घरांत निघणं कठीण. मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत पाहावी. पनवेल-उरणच्या कागदावर ‘जिल्हा कुलाबा’ दिसलं तर तो बाजूला टाकू नका. रायगड हे नाव १९८१ मधलं.

‘तुम्ही उगाच कागद वाढवता’ अशी तक्रार कानावर येते. पण मोडीत शब्द सलग लिहिलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही; एका ओळीवरून माणूस ठरवायला आमचा हात धजत नाही. ‘आमच्याच घराण्याचं आहे असं लिहून द्या’ म्हटलंत तर तेही होणार नाही. लिप्यंतरात कागदावर आहे तेवढंच उतरतं. आमचं शुल्क पानामागे आहे, नाव सापडो न सापडो.

सारख्या नावांची फोड करून प्रत्येक माणसाचा वेगळा तक्ता आम्ही करून देतो. त्याचं शुल्क निराळं, पण सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडाच्या वारसदाव्यालाही तो उपयोगी पडतो. येताना सातबारा, मिळतील तेवढे फेरफार, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि घरात हाक मारायच्या नावांची यादी आणा. आत्याबाई हयात असतील तर यादी त्यांच्याकडून करून घ्या.