शेवटच्या १०० किलोमीटरचा नियम आणि कामिनोवरचा एक दिवस

स्पेनमधल्या सारिया गावाहून सकाळी साडेसहाला निघायचं, अंधार असला तर हेडलॅम्प लावून वाट दाखवणारे पिवळे बाण शोधायचे, वाटेत एखाद्या कॅफेत आणि एखाद्या चर्चमध्ये असे दोन शिक्के क्रेडेन्सियालवर, म्हणजे यात्रेकरूच्या पुस्तिकेवर, मारून घ्यायचे आणि साधारण २२ किलोमीटर चालून दुपारी पोर्तोमारीनला बेड मिळवायचा. सान्तियागो शहरात संत याकोबाची (सेंट जेम्सची) समाधी असल्याचं मानतात, आणि तिथे जाणारी ख्रिस्ती यात्रेची वाट म्हणजे कामिनो. आज या वाटेवर सगळ्यात जास्त लोक चालतात तो दिवस असा असतो. बघायला सगळं जुनं वाटतं, पण त्यातलं बरंचसं गेल्या चाळीसेक वर्षांतलं आहे. पोर्तोमारीन गावसुद्धा मूळ जागेवर नाहीये, १९६०च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि त्याचं चर्च दगड दगड सुटा करून वर टेकडीवर परत उभं केलं.

मध्ययुगात रोजचे टप्पे असे ठरलेले नव्हते. १२व्या शतकातल्या लॅटिन गाइडमध्ये फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज पर्वतापासून सान्तियागोपर्यंतची वाट फक्त १३ टप्प्यांत बसवलीय, त्यातले एस्तेया ते नाहेरा आणि नाहेरा ते बुर्गोस हे दोन तर घोडेस्वारांसाठी म्हणून सांगितलेत, आणि बाकीचेही काही टप्पे पायी एका दिवसात होण्यासारखे नाहीतच. यात्रा सुरू व्हायची ती आपल्या घराच्या दारातून, आणि बहुतेकांना परतही चालतच यावं लागायचं, त्यामुळे 'कुठून सुरू केलंस' हा प्रश्नच नव्हता. पुढे धर्मसुधारणेचा काळ, युद्धं, १५८९मध्ये इंग्रज हल्ल्याच्या भीतीने लपवलेले संत याकोबाचे अवशेष जे १८७९पर्यंत सापडलेच नाहीत, असं करत वाट ओसरत गेली.

आताचा कामिनो खऱ्या अर्थाने १९८०च्या दशकात उभा राहिला. ओ सेब्रेइरो या डोंगरातल्या गावच्या पाद्रीबाबांनी १९८४मध्ये रस्त्याच्या कामातला उरलेला पिवळा रंग घेऊन बाण काढायला सुरुवात केली. १९८६मध्ये वर्षभरात जेमतेम अडीच हजार लोकांना पोचल्याचं सर्टिफिकेट, म्हणजे कोम्पोस्तेला, मिळालं होतं. मग १९९३चं पवित्र वर्ष (संताचा सण रविवारी येतो असं वर्ष) आलं, सान्तियागो ज्या प्रांतात आहे त्या गालिसियाच्या सरकारने जोरदार प्रचार केला, वाटेवर सरकारी आल्बेर्गे, म्हणजे यात्रेकरूंची वसतिगृहं, बांधली आणि आकडा एकदम लाखाच्या जवळ गेला. २०२४मध्ये तो पाच लाखांच्या घरात होता.

एवढी माणसं यायला लागली की 'यात्रेकरू नक्की कोण' हे कुणीतरी ठरवणं आलंच. चालत आलात तर किमान १०० किलोमीटर, सायकलने २०० आणि या शेवटच्या पट्ट्यात दिवसाला दोन शिक्के, असा नियम बसला. सारिया सान्तियागोपासून साधारण ११५ किलोमीटरवर, ट्रेनने-बसने सहज पोचता येणारं, पाच दिवसांत संपणारं, म्हणून आज दर दहांतले जवळपास तीन जण तिथूनच सुरू करतात. फ्रान्सच्या हद्दीपासून महिनाभर चालत आलेल्यांना हे खुपतं. त्यांची चिडचिड कळते, पण सारियाहून निघणाऱ्यांना 'टूरिस्ट' म्हणून हिणवणं मला अजिबात पटत नाही. त्यात पाचच दिवस सुट्टी मिळणारे असतात, म्हातारे असतात, गुडघेदुखीवाले असतात, शाळेची पोरं असतात, आणि ही १०० किलोमीटरची मर्यादा त्यांनी आखलेली नाहीये.

या नियमाने खरा अन्याय कुणावर केला असेल तर अ कोरुन्याच्या वाटेवर. इंग्लंड-आयर्लंडचे यात्रेकरू शेकडो वर्षं जहाजाने या बंदरात उतरून चालत जायचे, म्हणजे ही वाट जुन्यातली जुनी, पण लांबी साधारण ७५ किलोमीटरच. त्यामुळे आधुनिक नियमात ती बसेना आणि लोक थोडं लांबच्या फेरोलहून सुरू करायला लागले. शेवटी २०१६-१७च्या सुमारास तोडगा निघाला की आपल्या देशात आधी २५ किलोमीटर चालून त्याचा पुरावा आणा, मग अ कोरुन्याहून चाललेलं धरू. आयर्लंडमध्ये याचं चांगलं स्वागत झालं. माझ्या मते नियमातली सगळ्यात शहाणी दुरुस्ती हीच, कारण घरापासून निघायची जुनी कल्पना तिच्यात थोडी तरी परत आली.

बाकी दिवसाचा आकारही या पट्ट्यानेच ठरवला. गालिसियातल्या सरकारी आल्बेर्गेत बुकिंग घेत नाहीत, आधी येईल त्याला बेड, म्हणून पहाटेची घाई, आणि सकाळी आठच्या आत बाहेर पडायचं, आजारी नसाल तर दुसरी रात्र नाही. खाजगी आल्बेर्गे वाढली तसं फोनवर बुकिंग आलं, मग पुढच्या मुक्कामी बॅग पोचवणाऱ्या गाड्या आल्या, आता स्पेनचं पोस्टखातंसुद्धा हे काम करतं. बॅग गाडीने पाठवली तरी कोम्पोस्तेला मिळतं, मोजलं जातं ते फक्त चालणं. कारण मात्र विचारतात, धार्मिक किंवा आध्यात्मिक सांगितलं तर लॅटिनमधलं कोम्पोस्तेला, नाहीतर वेगळं प्रमाणपत्र.

संताचा सण, म्हणजे २५ जुलै, रविवारी आला की पवित्र वर्ष, आणि तसं पुढचं वर्ष २०२७ आहे. गेल्या वेळचं २०२१चं कोविडमुळे २०२२पर्यंत वाढवलं होतं. सारिया ते सान्तियागो या पाच मुक्कामांवर यावेळी आधीपेक्षा जास्तच गर्दी होणार असं धरूनच चालायला हवं.