व्हिक्टोरियन फुटबॉल लीग : १८९७ चा हंगाम

ऑस्ट्रेलियातील तत्कालीन व्हिक्टोरिया वसाहतीत (१९०१ पासून राज्य) मे ते सप्टेंबर १८९७ या काळात झालेली ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची (सॉकरहून वेगळ्या, अंडाकृती चेंडूच्या खेळाची) स्पर्धा. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा (व्हीएफएल) हा पहिला हंगाम. कार्ल्टन, कॉलिंगवुड, एसेंडन, फिट्झरॉय, जिलाँग, मेलबर्न, साउथ मेलबर्न आणि सेंट किल्डा या आठ क्लबांनी भाग घेतला. विजेतेपद एसेंडनने मिळवले.

व्हिक्टोरियातील फुटबॉलचा कारभार १८७७ पासून व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनकडे होता. ऑक्टोबर १८९६ च्या आरंभी बलाढ्य क्लब तिच्यातून बाहेर पडले. या फुटीची कारणे निरनिराळी दिली जातात. काही लेखक खेळाडूंना चोरून दिले जाणारे पैसे, सट्टा आणि प्रेक्षकांची दांडगाई यांवर भर देतात. १८९६ मध्ये नॉर्थ मेलबर्नच्या मैदानावर कॉलिंगवुडविरुद्धच्या सामन्यानंतर पंचांवर हल्ला झाला होता, हे या मताला पूरक ठरते. मात्र तिकिटांच्या उत्पन्नाचा वाद हेच मूळ कारण असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १८९० च्या दशकातील मंदीने मेलबर्नमधील बँका बुडाल्या, प्रेक्षक घटले आणि मोठ्या क्लबांच्या कमाईतून दुबळ्या क्लबांना वाटा द्यावा, अशी मागणी पुढे आली. असोसिएशनमध्ये मतदानाचा अधिकार सर्व क्लबांना सारखाच, त्यामुळे बहुमत दुबळ्यांकडे जाण्याची धास्ती होती. बाहेर पडायचे सहा क्लबांनी ठरवले. कार्ल्टन व सेंट किल्डा यांना नंतर बोलावण्यात आले. सेंट किल्डाच्या निवडीत खेळापेक्षा मैदानाचे वजन जास्त असावे.

या हंगामाला ‘पहिला’ म्हणणे पूर्णतः निर्विवाद नाही. व्हीएफएलचे १९९० मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग (एएफएल) असे नामांतर झाले आणि अधिकृत नोंदी १८९७ पासून मोजल्या जाऊ लागल्या. एसेंडनच्या खात्यावरील सोळा विजेतेपदांतले पहिले याच वर्षाचे. १८९७ पूर्वीची विजेतेपदेही त्याच मालिकेत धरावीत, असे काही इतिहासकारांचे म्हणणे असून क्लब बहुतांशी तेच होते हे पाहता त्यात तथ्य आहे. घोळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आज व्हीएफएल या नावाने चालणारी राज्यस्तरीय स्पर्धा जुन्या असोसिएशनचीच वारस आहे. तिने हे नाव १९९६ मध्ये घेतले.

गुणपद्धतीतला बदल या हंगामापासून धरतात. मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोहोंतून किक मारलेला चेंडू गेल्यास गोल, बाजूच्या खांबांमधून गेल्यास बिहाइंड. पूर्वी बिहाइंड नोंदले जात, पण निकाल गोलांवरच लागे. लीगने गोलला सहा व बिहाइंडला एक गुण दिला. ८ मे रोजी पहिल्या फेरीत फिट्झरॉयने कार्ल्टनवर ६.१३ (४९) विरुद्ध २.४ (१६) असा विजय मिळवला. म्हणजे सहा गोलांचे छत्तीस आणि तेरा बिहाइंडचे तेरा. प्रत्येक बाजूला वीस खेळाडू असत. अठरांचा संघ १८९९ पासून.

प्रत्येक संघ इतरांशी दोनदा, असे चौदा सामने खेळला. कार्ल्टनला स्वतःचे प्रिन्सेस पार्क मैदान हंगामाच्या मध्यावर मिळाले. तेथील पहिला सामना २२ जून रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या सुटीच्या दिवशी, कॉलिंगवुडविरुद्ध झाला. (याच महोत्सवाच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.)

साखळीअखेर जिलाँग पहिले आणि एसेंडन दुसरे होते. त्यांच्यामागे मेलबर्न व कॉलिंगवुड. अंतिम सामन्याची योजनाच नव्हती. हे चौघे पुन्हा आपसात एकेकदा खेळले आणि एसेंडनने तिन्ही सामने जिंकल्याने जादा लढतीची गरज उरली नाही. ४ सप्टेंबर रोजी लेक ओव्हलवर त्याने मेलबर्नला १.८ (१४) विरुद्ध ०.८ (८) असे हरवले. संपूर्ण सामन्यात एकच गोल झाला. जुन्या हिशेबानेही एसेंडनच जिंकले असते, हे येथे नोंदवण्याजोगे. काही याद्यांत या सामन्याला अंतिम सामना म्हटले जाते. ते बरोबर नाही. अंतिम सामन्याविना विजेता ठरण्याचा प्रकार नंतर फक्त १९२४ मध्ये घडला आणि तेव्हाही विजेता एसेंडनच होता.

एसेंडनचा कर्णधार जॉर्ज स्टकी याने त्याच वर्षी ‘स्टॉवेल गिफ्ट’ ही नामांकित धावण्याची शर्यतही जिंकली. सर्वाधिक गोल जिलाँगच्या एडी जेम्सच्या नावावर आहेत. सेंट किल्डाने सर्व सामने गमावले. त्याचा लीगमधला पहिला विजय थेट १९०० मध्ये मेलबर्नविरुद्ध लागला, तोही बरोबरीत सुटलेल्या सामन्यावरील हरकत मान्य झाली म्हणून.

असोसिएशनचे १८९७ चे विजेतेपद पोर्ट मेलबर्नने पटकावले. तिच्यातील रिचमंड १९०८ मध्ये, तर फुटस्क्रे आणि नॉर्थ मेलबर्न १९२५ मध्ये लीगमध्ये आले.