आईच्या रिपोर्टवरचा मायनस २.७

मागे आमच्या सोसायटीत फुकट हाडं तपासणीचं शिबिर झालं. आईने टाचेला जेल लावून घेतलं, पाय त्या छोट्या मशीनमध्ये ठेवला, मिनिटभरात चिठ्ठी हातात, टी-स्कोअर (हाडं किती विरळ झालीत त्याचा आकडा) -२.७. -२.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिसचा, म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याचा शिक्का. घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. मग डॉक्टरांनी डेक्सा (एक्स-रेने हाडांची घनता मोजायची तपासणी) करायला लावलं तर कमरेचा आकडा आला -१.९. आता पंधरा दिवसात हाडं तर सुधारत नाहीत, म्हणून म्हटलं हा आकडा मुळात आला कुठून ते बघूया.

राँटगेनला एक्स-रे सापडले १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये आणि डिसेंबरात त्याने बायकोच्या हाताचा, अंगठीसकट, फोटो काढला, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढच्याच वर्षी डॉक्टर लोक त्यावर मोडलेली हाडं बघायला लागले. पण फ्रॅक्चर दिसणं वेगळं आणि हाड विरळ झालेलं कळणं वेगळं. साध्या फिल्मवर ते डोळ्यांना जाणवेपर्यंत तीसेक टक्के खनिज गेलेलं असतं! तरी लोकांनी फिल्मवरच भागवायचा प्रयत्न केला. १९७० मध्ये सिंग, नागरथ आणि मैनी यांनी खुब्याच्या हाडातल्या जाळीच्या रेषा बघून ६ ते १ अशा पायऱ्या ठरवल्या, कारण हाड झिजताना या रेषा ठराविक क्रमाने पुसट होत जातात. आयडिया मस्त, पण सगळा नजरेचा खेळ, दोन डॉक्टर दोन पायऱ्या सांगणार.

मोजायचं खरं काम त्याआधीच, १९६३ ला, अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये कॅमेरॉन आणि सोरेन्सन यांनी सुरू केलं होतं. मनगटाजवळच्या हाडातून किरणोत्सर्गी आयोडिन-१२५ चे किरण सोडायचे आणि पलीकडे किती पोचतात ते मोजायचं. पण कंबर आणि खुबा इतका सोपा नाही, तिथे मांस-चरबी किती ते माणसागणिक बदलतं. त्यावर तोडगा म्हणजे दोन वेगळ्या ऊर्जेचे किरण, मांस दोघांना एका प्रमाणात अडवतं, हाड वेगळ्या, मग वजाबाकी करून हाड तेवढं बाजूला काढायचं. आधी यासाठी गॅडोलिनियम-१५३ हा किरणोत्सर्गी सोर्स वापरायचे, पेशंटला वीस ते चाळीस मिनिटं न हलता पडून राहायला लागायचं आणि तो सोर्स कमकुवत झाला की बदलायचा खर्च वेगळा. १९८७ च्या सुमारास त्याच्या जागी एक्स-रे ट्यूब आली, तेच आपलं डेक्सा, काम मिनिटांवर आलं.

आता -२.५. ऑस्टिओपोरोसिसची ही रेघ डब्ल्यूएचओच्या अभ्यासगटाने १९९४ च्या अहवालात मारली, आणि ती मुळात पाळी गेलेल्या गोऱ्या बायकांची पाहणी करायला होती. तरुण निरोगी बाईच्या सरासरीपेक्षा किती खाली, एवढाच हिशोब. अडीच धरलं की साधारण ३० टक्के बायका त्यात येत होत्या आणि आयुष्यात फ्रॅक्चर होण्याचं प्रमाणही तेवढंच होतं, म्हणून ती सोयीची वाटली. पुढे खुब्यासाठी २० ते २९ वयाच्या गोऱ्या अमेरिकन बायकांची मापं प्रमाण मानली गेली. म्हणजे आमची आई, उंची चार फूट अकरा, तिची तुलना त्यांच्याशी! त्यात डेक्सा ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर मोजतं, जाडी धरतच नाही, त्यामुळे लहान चणीच्या बाईचं हाड आहे त्याहून विरळ दिसतं. आयसीएमआरने (आपल्या सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) २०१० मध्ये भारतीयांची मापं काढली, पण कुठलं मशीन कुठली मापं धरून बसलंय हे रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं, असलं तर.

आणि शिबिरातलं टाचेचं मशीन? ते अल्ट्रासाउंड, हाडातून आवाजाच्या लहरी कशा जातात ते बघतं. तिथे ही अडीचची रेघ लागूच होत नाही, तरी चिठ्ठीवर छापतात टी-स्कोअर.

हे सगळं वाचून मी खूश, म्हटलं -१.९ च खरा. डॉक्टरांनी फिल्म वर धरली, मणक्यांच्या कडेला वाढलेली हाडाची टोकं दाखवली आणि म्हणाले, काकू, हे पण मशीन हाड म्हणूनच मोजतं, म्हणून आकडा आहे त्याहून चांगला दिसतो, कमरेचा आकडा सोडा. खुब्याचा होता -२.२.