नागपुरात पहिल्यांदा ई-निविदा भरताय? आधी डिजिटल सहीचा डोंगल घ्या

पूर्वी टेंडर म्हटलं की सिव्हिल लाइन्सला चक्कर ठरलेली: फॉर्म विकत घ्या, लिफाफा सील करा, पेटीत टाका. आता महापालिका असो, जिल्हा परिषद असो की बांधकाम विभाग, ठरावीक रकमेच्या वरची कामं महाटेंडर्स या राज्य सरकारच्या ई-निविदा पोर्टलवर येतात. कार्यालयांना लागणाऱ्या तयार मालाची बरीच खरेदी मात्र जेमवर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन बाजारपेठेवर होते. तिथली नोंदणी वेगळी.

सगळ्यात आधी क्लास 3 डिजिटल सही घ्या, तीही फर्मच्या भागीदारांपैकी ज्याला सहीचा अधिकार आहे त्याच्याच नावाची. ती यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत डोंगलमध्ये मिळते. पोर्टलवर नाव नोंदवून डोंगल खात्याशी जोडावा लागतो. डोंगल आणि पिन सायबर कॅफेवाल्याकडे ठेवू नका. ती तुमची सही आहे.

पात्रता प्रत्येक निविदेत वेगळी असते. साधारणपणे पॅन, जीएसटी नोंदणी, फर्मची कागदपत्रं, सीएचा उलाढालीचा दाखला आणि कामपूर्तीचे दाखले लागतात. बांधकामाला ठेकेदार नोंदणीही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असली तरी बयाणा, म्हणजे निविदेसोबतची अनामत रक्कम, माफ होईलच असं धरून चालू नका, निविदेतली अट वाचा. शुद्धिपत्रकंही रोज बघा, अटी आणि तारखा त्यातच बदलतात.

पोर्टलवर बहुतेकदा लिफाफे दोन, तेही ऑनलाइन. पहिल्यात कागदपत्रं, दुसऱ्यात दर. पहिला पास झाला तरच दुसरा उघडतो. त्यामुळे सर्वात कमी दर भरूनही एका दाखल्यापायी माणूस बाहेर पडतो. दराची बीओक्यू फाइल (कामाच्या बाबी आणि दरांचा तक्ता) पोर्टलवरूनच उतरवा, मोकळ्या रकान्यांतच भरा आणि फाइलचं नाव बदलू नका, नाहीतर ती चढत नाही. कागद शंभर डीपीआयवर काळे-पांढरे स्कॅन केले की पुरे.

बयाणा एनईएफटीने भरणार असाल तर दोन दिवस आधी भरा. प्रत्येक निविदेचं चलन, म्हणजे पैसे भरायची स्लिप, वेगळं. जुन्या चलनावर पैसे पाठवले की घोळ.

आता खरी गोम. सगळं चढवून झालं तरी ‘फ्रीज बिड’ हे बटण दाबल्याशिवाय निविदा सादर होत नाही. पावती निघाली तरच झालं समजा. मुदतीपर्यंत दर बदलून पुन्हा सादर करता येतात, पण निविदा मागे घेतली तर त्याच कामाला परत भरता येत नाही. वेळ पोर्टलच्या घड्याळाची चालते, तुमच्या मोबाइलची नाही. मुदत तीन वाजेपर्यंतची असेल तर तीन म्हणजे तीन.