गाय दूध चोरते तेव्हा

गोठ्यात वाढलेल्या माणसाला काही गोष्टी कुणी शिकवाव्या लागत नाहीत. धार काढायच्या आधी वासरू सोडायचं, त्याला कासेला चार ढुसण्या मारू द्यायच्या, पान्हा आला की ओढून बाजूला बांधायचं आणि मग चरवी घेऊन बसायचं. एखाद्या दिवशी अनोळखी माणूस धारेला बसतो किंवा शेजारी कुत्रं भुंकत राहतं, आणि कास टम्म भरलेली असूनही दूध येत नाही. ‘आज चोरलं तिनं’ म्हणत घरचे उठतात.

हे चोरणं म्हणजे काय, ते ईली आणि पीटरसन या अमेरिकी दुग्धशास्त्रज्ञांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तपासलं. त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि दर दहा सेकंदांनी एकेक कागदी पिशवी फटकन फोडली. गाय बिचकली, दूध अडलं. पुढे मांजराची गरज नाही असं त्यांच्या लक्षात आलं, नुसत्या पिशव्या पुरल्या! कासेच्या अर्ध्या भागाचे मज्जातंतू कापले तरी त्या अर्ध्यातही पान्हा येत होता. म्हणजे मेंदूचा निरोप कासेपर्यंत रक्तातून पोचत होता. हा निरोप म्हणजे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक. आणि भीतीच्या वेळी सुटणारं ॲड्रेनालिन त्याची वाट अडवतं.

बाळंतिणीचंही असंच असतं. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं, काचेच्या पेटीत ठेवलं, किंवा त्याला अंगावर ओढताच येत नाही. मग डॉक्टर सांगतात, दूध काढून द्या. घरात पंप येतो. आई वीस मिनिटं तो लावून बसते आणि बाटलीचा जेमतेम तळ ओला होतो. ‘मला दूधच नाही’ हा निष्कर्ष तिथल्या तिथे निघतो, आणि वरच्या दुधाचा डबा फुटतो. पुष्कळदा दूध असतं, पान्हा आलेला नसतो.

स्तनाच्या आत द्राक्षांच्या घडासारख्या सूक्ष्म पिशव्या असतात. दूध त्यांतच तयार होतं आणि बहुतांश तिथेच थांबतं. प्रत्येक पिशवीभोवती स्नायूसारख्या पेशींची जाळी असते. ऑक्सिटोसिन पोचलं की ही जाळी आवळते आणि दूध नळ्यांमध्ये ढकललं जातं. निपलमागे दुधाचे छोटे हौद असतात असं पुस्तकांतून दीडशे वर्षं शिकवलं गेलं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथल्या संशोधकांनी २००५ मध्ये दूध पाजणाऱ्या आयांची सोनोग्राफी केली तेव्हा असे हौद सापडले नाहीत. निपलमागे साठाच नसेल तर पंप ओढणार काय? तो फक्त पुढे आलेलं दूध घेतो. पुढे ढकलायचं काम मेंदूचं.

१९४८ साली मायकल आणि नाइल्स न्यूटन या दांपत्याने हे माणसात दाखवून दिलं. एका आईने शांतपणे पाजलं तेव्हा बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळालं. पाय बर्फाच्या पाण्यात बुडवणं, गणितं घालणं, पायाचं बोट ओढणं असले त्रास दिल्यावर ते ९९ ग्रॅमवर आलं. त्याच त्रासात ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं तर पुन्हा १५३ ग्रॅम. दूध आटलं नव्हतं, अडलं होतं. (हेच इंजेक्शन काही तबेल्यांत म्हशींना चोरून टोचलं जातं, हा गैरवापर आपल्याकडे नवा नाही.) नवीन आईभोवती बर्फाचं पाणी नसतं, पण ‘किती निघालं?’ असं दर पाच मिनिटांनी विचारणारे असतात. त्यांनी खोलीबाहेर बसावं, हा माझा साधा सल्ला.

पान्ह्याची दुसरी बाजू जास्त लोभस आहे. १९८३ साली ब्रिटनमध्ये पाजण्याच्या आधीपासून आयांच्या रक्ताचे नमुने घेतले गेले. बाळ रडू लागलं, चुळबुळू लागलं की तोंड लावायच्या आधीच बऱ्याच जणींचं ऑक्सिटोसिन वाढत होतं. म्हणून अतिदक्षता विभागातल्या परिचारिका सांगतात की पंप बाळाच्या पेटीशेजारी बसून लावा. ते जमत नसेल तर त्याचा फोटो समोर ठेवा, त्याचं दुपटं हुंगा. हे मन रमवण्यासाठी सांगितलेलं नसतं, ते वासरू सोडणंच आहे. पाठीवरून कुणी हात फिरवणं, छातीला ऊब देणं, संथ संगीत ऐकणं यांनीही दूध वाढल्याचं वेगवेगळ्या चाचण्यांत दिसलं आहे. चांगले विजेचे पंपसुद्धा आधी हलके आणि भराभर झटके देतात, मग सावकाश पण जोराने ओढतात. बाळही असंच करतं.

दूध सोडण्याइतकंच ते बनवण्याचं गणितही समजून घ्यायला हवं. वार पडली की आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध भरून येतं. तोवर येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, एका वेळेला चमचाभरसुद्धा नाही. आपण गाईच्या चिकाचा खरवस वाटी पुसून खातो आणि आईचा चीक मात्र ‘जड असतो’ म्हणून फेकायची रीत कित्येक घरांत होती. रोगप्रतिकारक प्रथिनांनी गच्च भरलेलं बाळाचं ते पहिलं अन्न. एवढासा चीक पंपाच्या नळीला आणि भांड्यालाच चिकटून बसतो, म्हणून तो हातानेच चमच्यात किंवा सिरिंजमध्ये काढावा.

पुढचा कारभार मागणीवर चालतो. स्तन रिकामा झाला की दूध भराभर तयार होतं, भरलेला राहिला की वेग मंदावतो. ‘साठू दे, मग एकदम काढते’ हा हिशेब म्हणूनच उलटा पडतो. बाळ अजिबात अंगावर पीत नसेल तर सुरुवातीचे काही आठवडे २४ तासांत आठ वेळा तरी दूध काढावं लागतं आणि त्यातली एक वेळ रात्रीची हवी, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. मशीनवर सगळा भार टाकू नये. अमेरिकेत कमी दिवसांच्या बाळांच्या आयांनी पंप चालू असताना हाताने स्तन दाबायला, चोळायला सुरुवात केली तेव्हा त्यांचं रोजचं दूध सरासरी ४८ टक्क्यांनी वाढलं. आकाराचा इथे संबंध नाही, तो बराचसा चरबीवर ठरतो. दूध धरून ठेवायची क्षमता मात्र एका स्तनात ८० मिलीपासून ६०० मिलीपर्यंत वेगवेगळी असते. कमी क्षमतेची आईसुद्धा दिवसाला पुरेसं दूध देते, फक्त तिला जास्त वेळा बसावं लागतं. तेव्हा जावेची बाटली आणि आपली बाटली शेजारी ठेवून बघू नये.

बाळाला ते पाजायचं कशाने? ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गरोदरपणाच्या हिशेबाने साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसतो, त्याआधी नळीनेच द्यावं लागतं. नंतर आपल्याकडचे बहुतेक बालरोगतज्ज्ञ वाटी-चमचा सुचवतात, कारण वाटी धुवायला सोपी आणि बाटलीच्या बुचात जंतूंना लपायला जागा फार. जुन्या घरांतलं बोंडलं, म्हणजे चोचीचं छोटं भांडं, याच कामाचं. बाटली द्यायचीच असेल तर बाळाला थोडं उठतं धरावं, बाटली आडवी ठेवावी, मध्ये मध्ये थांबावं. अंगावर पिताना बाळ आपल्या लयीत थांबत थांबत पितं, उलटी धरलेली बाटली त्याला ती उसंत देत नाही. बाळाचं पिऊन उरलेलं दूध दोन तासांच्या आत वापरावं, नाहीतर टाकावं.

ताजं काढलेलं दूध खोलीत चार तास टिकतं, पण तो नियम २५ अंशांपर्यंतच्या खोलीचा आहे. मे महिन्यातल्या नागपुरात तो लागू नाही, तिथे काढल्या काढल्या फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये चार दिवस, चांगल्या डीप फ्रीझरमध्ये सहा महिने. गरम करायला बाटली कोमट पाण्यात ठेवावी. मायक्रोवेव्हमध्ये दूध कुठे थंड राहतं तर कुठे तोंड पोळण्याइतकं तापतं.

आईचं दूध खरोखरच कमी पडतं तेव्हाही वरचं दूध हाच एक मार्ग नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तिथे ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून निर्जंतुक करतात आणि नाजूक बाळांना देतात.

फ्रिजमधल्या बाटलीत दुसऱ्या दिवशी वर पिवळट थर आणि खाली पाणचट, निळसर दूध दिसतं. ती साय आहे, बाटली हलक्या हाताने फिरवली की मिसळते. काही जणींच्या साठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. आजी झाकण उघडून हुंगते आणि ‘नासलं गं’ म्हणून बेसिनकडे निघते. नासलं की आंबूस वास येतो. हा साबणी वास दुधातल्याच लायपेझ या विकराचा. ते चरबी फोडत राहतं, थंडीतसुद्धा. बाळाने तोंड फिरवलं नाही तर ते दूध खुशाल पाजावं.