चिंपांझींनी गाळलेली पायरी

एक काळी पेटी. वरच्या भोकावर कडी, समोर छोटं दार, आत खाऊ. दाखवणारी व्यक्ती आधी वरची कडी सरकवते, भोकातून काठी आत खुपसते, आणि मग समोरचं दार उघडून त्याच काठीने खाऊ बाहेर काढते. युगांडातल्या न्गाम्बा बेटावरच्या लहान चिंपांझींनी हे पाहिलं आणि बरंचसं तसंच करून खाऊ मिळवला. मग तशीच पेटी आणली, पण पारदर्शक. आता आतली आडवी फळी स्पष्ट दिसत होती. वरून काठी कितीही खुपसली तरी ती फळीवर आपटणार, खाऊपर्यंत पोचणारच नाही. चिंपांझींनी वरचा खटाटोप बहुतेक सोडून दिला आणि थेट दाराकडे मोर्चा वळवला.

स्कॉटलंडमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांपुढे हीच पारदर्शक पेटी ठेवली. मुलांना फळी दिसत होती. तरीही त्यांनी आधी वरून काठी आपटली, मगच दार उघडलं.

व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांचा हा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे मुलांना बजावूनही पाहिलं, की उगाच केलेल्या गोष्टी करू नका, गरजेचं तेवढंच करा. मुलांनी तरीही त्या केल्याच. हा शहरी, शाळकरी वातावरणाचा परिणाम म्हणावा, तर कलहारी वाळवंटातल्या सान समाजाची मुलंही तशीच वागली. मोठं झाल्यावर ही सवय सुटत असेल, असं वाटतं ना? २०११ च्या एका अभ्यासात तीन आणि पाच वर्षांच्या मुलांबरोबर प्रौढांनाही अशीच पेटी दिली. निरुपयोगी कृतींची नक्कल सर्वांत इमानाने केली ती प्रौढांनी.

याला बावळटपणा म्हणायची घाई मी तरी करणार नाही. माणसाच्या हातची बहुतेक कामं त्या पारदर्शक पेटीसारखी नसतातच. अळूच्या पानांना चिंचेचा कोळ लावायला मुलगी आजीकडून शिकते तेव्हा पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हे दोघींपैकी कुणाच्याच गावी नसतं. अर्थात इथे चूक झाली तर घसा लगेच खवखवतो आणि अद्दल घडते. पण आपल्या साबुदाण्याचा कंद, म्हणजे कसावा, घ्या. त्याच्या कडू जातींत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या बायका तो किसतात, धुतात, पिळतात, ठेवून देतात, मग भाजतात किंवा उकळतात. ‘एवढं कशाला?’ म्हणून कुणी एखादी पायरी गाळली, तर कडवटपणा बराचसा जाईलही आणि त्या दिवशी काही बिघडणारही नाही. विष मात्र थोडं थोडं अंगात जात राहील आणि त्याचा त्रास कित्येक वर्षांनी उमटेल. तोवर तो कशामुळे झाला हे कुणाच्या लक्षात येणार? अशा ठिकाणी जाणत्या माणसाने केलं तसंच करणं, हाच शहाणपणा ठरतो. पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान कारण न कळताही पुढे जातं ते यामुळेच.

तरीही मुलं डोळे मिटून नक्कल करत नाहीत. २००२ साली हंगेरियन मानसशास्त्रज्ञ ग्योर्गी गेर्गेय आणि सहकाऱ्यांनी १४ महिन्यांच्या बाळांना एक बाई दाखवली. टेबलावरचा दिवा ती हाताने न लावता चक्क कपाळ टेकवून लावते. काही बाळांना दिसलं, की तिचे दोन्ही हात मोकळे आहेत. काहींना दिसलं, की थंडी वाजते म्हणून तिने अंगाभोवती शाल घट्ट धरली आहे. हात मोकळे पाहणाऱ्यांपैकी ६९ टक्के बाळांनी स्वतःही कपाळ टेकवलं. शाल पाहणाऱ्यांपैकी फक्त २१ टक्क्यांनी. बाकीच्यांनी सरळ हात वापरला. धड बोलताही न येणारं बाळ इथे जणू हिशेब करतं: हात अडकलेत, म्हणून तिने कपाळ वापरलं, माझे तर मोकळे आहेत. आणि हात मोकळे असूनही ती कपाळच वापरते आहे, तर त्यात काहीतरी असणार! मला हा या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

मोठ्यांचा घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. शिकागो विद्यापीठाच्या मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये लोकांना टेबलावरची भांडी न हलवता खालची चादर झटक्यात ओढण्याचा व्हिडिओ दाखवला, कुणाला एकदा, कुणाला वीसदा. वीस वेळा पाहणाऱ्यांना ‘आपल्याला हे जमेल’ असं जास्त वाटू लागलं. बाण फेकणं, मूनवॉक अशा कामांत प्रत्यक्ष करायला लावल्यावर मात्र जास्त वेळा पाहणारे काही सरस ठरले नाहीत. पायऱ्यांचा क्रम डोळ्यांना कळतो. हाताला किती जोर लावायचा, तोल कुठे सांभाळायचा, हे डोळ्यांना दिसत नाही. याच मालिकेतल्या आणखी एका प्रयोगात कसरतीचे दांडके हवेत झेलण्याचा व्हिडिओ होता. तो पाहून झाल्यावर काहींच्या हातात ते दांडके नुसते धरायला दिले, झेलायला नाहीत. तेवढ्यानेही त्यांचा फाजील आत्मविश्वास खाली आला.