एल रोसिओची पायी यात्रा

स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसियामध्ये वेल्वा जिल्ह्यात एल रोसिओ नावाचं छोटंसं गाव आहे, आल्मोन्ते नगरपालिकेच्या हद्दीत. एरवी इथे फार कोणी राहत नाही, पण ईस्टरनंतर सात आठवड्यांनी पेंटेकॉस्टचा सण येतो तेव्हा लाखो माणसं इथे जमतात. त्यातली बरीचशी सेविया, सानलुकार, वेल्वा अशा शहरांतून चालत, घोड्यावर नाहीतर बैलगाडीतून येतात. गावातल्या चर्चमध्ये मेरीमातेची मूर्ती आहे, तिला लोक प्रेमाने 'ब्लांका पालोमा' म्हणजे पांढरं कबूतर म्हणतात. तिच्या दर्शनाची ही यात्रा, आणि देऊळ ज्या दलदलीच्या काठावर आहे ती म्हणजे दोन्याना, युरोपातल्या सगळ्यात महत्त्वाच्या पाणथळ जागांपैकी एक. त्यामुळे या यात्रेबद्दल लिहायचं तर निम्मं पाण्याबद्दलच लिहावं लागतं.

सगळे एकटेदुकटे जात नाहीत. आपल्याकडे वारीत दिंड्या असतात तशा तिकडे 'एर्मांदाद' असतात, गावोगावचे भक्तमंडळ म्हणा. अशी १२० पेक्षा जास्त मंडळं आहेत, सगळ्यात जुन्यांपैकी एक वियामानरिके गावाचं, आणि सेवियातल्या त्रियाना या नदीपलीकडच्या वस्तीचं मंडळ १८१३ मध्ये सुरू झालं. प्रत्येक मंडळाचा स्वतःचा झेंडा असतो, सिंपेकादो, त्यावर मेरीमातेचं चित्र. तो चांदीने मढवलेल्या, फुलांनी सजवलेल्या गाडीत ठेवतात, गाडीला बैल जोडलेले, आणि बाकीचे सगळे त्या गाडीच्या मागेपुढे चालतात. एका हाताने बासरी आणि दुसऱ्या हाताने ढोल वाजवणारा एक माणूस असतो, तो वाजवायला लागला की झोपलेला तळ जागा होतो. गळ्यात मंडळाचं पदक, बायकांचे झालरींचे घागरे, रात्री शेकोटीभोवती सेवियानास गाणी आणि नाच, मग जपमाळ. खाणंपिणं भरपूर, वाइनही. बाहेरच्या माणसाला ही नुसती जत्रा वाटते, पण ज्याने रात्री सिंपेकादोच्या गाडीसमोर गुडघे टेकून गाणारी म्हातारी माणसं बघितली असतील त्याला तसं म्हणवणार नाही.

वाट सपाट आहे. सेवियातून निघाल्यावर आल्हाराफे या बुटक्या पठाराचा चढ लागतो तेवढाच, त्यानंतर ऑलिव्हच्या बागा, शेतं, मग पाइनची जंगलं आणि शेवटी दलदलीचा काठ. पण सपाट म्हणजे सोपी असं समजून जाऊ नये, कारण खाली माती नाही, वाळू आहे, घोटाभर, कधी त्याहून जास्त, आणि हजारो पायांनी, खुरांनी, चाकांनी ती अजून भुसभुशीत झालेली असते. प्रत्येक पाऊल थोडं मागे घसरतं. चढावर निदान वर पोचल्याचं समाधान मिळतं, इथे क्षितिज तसंच राहतं आणि पोटऱ्या भरून येतात. त्यात मे-जूनचं ऊन, पारा पस्तिशीच्या पुढे जाऊ शकतो, आणि धूळ तर विचारू नका, तोंडावर रुमाल बांधून चालतात लोक. पहाटे लवकर निघून दुपारी सावलीत थांबायचं आणि पाणी जवळ ठेवायचं, हे तिथल्या जुन्या लोकांचं साधं शहाणपण आहे.

सेवियाकडून येणारी मंडळं साधारण बुधवार-गुरुवारी निघतात. वाटेत ग्वादियामार नदीचा केमाचा उतार लागतो, उतार म्हणजे जिथून पायी नदी ओलांडता येते ती उथळ जागा. पहिल्यांदाच येणाऱ्याच्या डोक्यावर टोपीने नदीचं पाणी ओततात आणि त्याला यात्रेतलं नवीन नाव देतात. बैल पाण्यात उतरतात, गाडी डुलते, लोक रडतात, गातात, जयजयकार करतात, आणि बऱ्याच जणांना अख्ख्या यात्रेतला हाच क्षण सगळ्यात जवळचा वाटतो. पुढे वियामानरिकेच्या चर्चसमोर मंडळं मानवंदना देतात, काही बैल पायऱ्यांवर अक्षरशः गुडघे टेकतात. त्याच्यापुढे राया रेआल, पाइनच्या जंगलातून गेलेली रुंद वाळूची सरळ पट्टी, आणि मग आहोलीचा लाकडी पूल. तो ओलांडला की एल रोसिओ आलं.

दुसरी मोठी वाट सानलुकारची, कादिसकडच्या मंडळांची. ती ग्वादालकिविर नदीच्या मुखाशी तराफ्यांवरून, माणसं घोडे गाड्या सगळं घेऊन, पलीकडे जाते आणि थेट दोन्यानाच्या आतून चालत येते. माझ्या मते दलदल खरी समजून घ्यायची तर हीच वाट. एका बाजूला समुद्राच्या वाऱ्याने सरकणारे वाळूचे डोंगर, दुसऱ्या बाजूला क्षितिजापर्यंत सपाट चिखलाचं मैदान. रोमन काळात इथे मोठं सरोवर होतं, लाकुस लिगुस्तिनुस म्हणायचे त्याला, नदीच्या गाळाने ते हळूहळू भरत गेलं आणि दलदल झाली. पावसाळा तिथे हिवाळ्यात असतो, तेव्हा हे मैदान उथळ पाण्याने भरतं, बदकं, हंस, फ्लेमिंगो उतरतात, आणि जुलैपर्यंत सगळं वाळून भेगाळतं. जिथे वाळू संपून चिकणमाती सुरू होते तिथे गोडं पाणी झिरपून वर येतं आणि एक हिरवी पट्टी तयार होते, तिला 'ला वेरा' म्हणतात. हरणं, गुरं, पक्षी सगळे त्या पट्टीवर जगतात आणि एल रोसिओ गावही अशाच काठावर वसलंय, चर्चसमोर थेट पाणी.

आख्यायिका अशी की एका शिकाऱ्याला इथल्या झाडाच्या ढोलीत मूर्ती सापडली, तो गावात न्यायला लागला पण वाटेत झोप लागली आणि उठून बघतो तर मूर्ती परत झाडात. इतिहासाच्या बाजूने बघितलं तर देऊळ १३ व्या शतकातल्या राजा दहावा आल्फोन्सोच्या काळापर्यंत मागे नेतात, १६५३ मध्ये ही मेरी आल्मोन्तेची पालक झाली, १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपात जुनं देऊळ पडलं, आणि आत्ताचं पांढरंशुभ्र चर्च १९६० च्या दशकातलं. १९९३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल इथे येऊन गेले.

शनिवारी मंडळं जुनेपणाच्या क्रमाने चर्चसमोर हजर होतात, रविवारी मोठी प्रार्थना, आणि सोमवारी पहाटेच्या आधी आल्मोन्तेची तरुण पोरं चर्चमधलं लोखंडी कुंपण उडी मारून ओलांडतात आणि मूर्ती खांद्यावर घेतात. त्याची ठरलेली वेळ नसते. मग कित्येक तास ती मूर्ती गर्दीवर होडीसारखी हेलकावत प्रत्येक मंडळाच्या घरासमोर जाते. गावात डांबरी रस्ते नाहीत, सगळ्या गल्ल्या वाळूच्या, घरांसमोर घोडे बांधायचे लाकडी दांडे. दर सात वर्षांनी मूर्तीच चालत (म्हणजे खांद्यावरून) आल्मोन्तेला जाते, साधारण १५ किलोमीटर, मेंढपाळणीच्या वेषात आणि धूळ लागू नये म्हणून कापडात गुंडाळून. २०१९ मध्ये गेली आणि महामारीमुळे २०२२ पर्यंत तिथेच राहिली, २०२० आणि २०२१ ला यात्राच झाली नाही.

आता पाण्याचं. दोन्याना १९६९ पासून राष्ट्रीय उद्यान आणि १९९४ पासून युनेस्कोचा जागतिक वारसा. २५ एप्रिल १९९८ ला आस्नालकोय्यारच्या खाणीचा बांध फुटला आणि विषारी गाळ याच ग्वादियामार नदीत आला, ज्या नदीत केमाला नवख्यांच्या डोक्यावर पाणी ओततात. साफसफाईला वर्षं लागली. त्याहून हळू आणि जास्त घातक आहे भूजलाचा उपसा, आजूबाजूच्या स्ट्रॉबेरीच्या पॉलिहाउससाठी, त्यातल्या कितीतरी विहिरी बेकायदेशीर. २०२१ मध्ये युरोपियन न्यायालयाने स्पेनला यावरून दोषी ठरवलं, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात सान्ता ओलाय्या हे आतलं मोठं तळं, जे तोपर्यंत सहसा आटत नव्हतं, पूर्ण कोरडं पडलं. २०२३ च्या शेवटी केंद्र आणि आंदालुसिया सरकारांनी १४० कोटी युरोचा करार केला, शेतकऱ्यांनी ओलिताची पिकं सोडावीत म्हणून. यात्रेचाही भार आहेच, कचरा, ट्रॅक्टर, जीपगाड्या, थकून मरणारे घोडे आणि खेचरं, यावर तिथे दरवर्षी टीका होते आणि ती रास्त आहे. मेरीला 'दलदलींची राणी' म्हणणाऱ्यांनी त्या दलदलीची काळजी घेतलीच पाहिजे, यात मला काही मतभेदाची जागा दिसत नाही.

गर्दी नको असेल तर वर्षभर कधीही सेवियाकडून वियामानरिकेमार्गे चालत येणारे लोक असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा थंड आणि पाणी भरलेलं. मात्र राष्ट्रीय उद्यानाच्या आत परवानगीशिवाय शिरता येत नाही, सानलुकारची वाट तर फक्त यात्रेतच मंडळांबरोबर चालायला मिळते.